सोंगाचे वेड आणि बिनसोंगाचे वेड

इसवी सन ४२० च्या सुमारास पॅलेडियस नावाच्या बिशपने इजिप्तच्या वाळवंटातल्या वैराग्यांच्या हकिगती लिहून काढल्या. बादशहा दुसरा थिओडोसियस याच्या दरबारातल्या लॉसस नावाच्या अधिकाऱ्यासाठी त्याने हा ग्रंथ लिहिला. त्यात नाईलकाठच्या ताबेन्नेसी पंथाच्या एका स्त्रीमठाची हकिगत आहे. मठात चारशेच्या आसपास स्त्रिया होत्या आणि त्यांतली एक वेडी समजली जाई. बाकीच्या डोक्यावर मठाचे शिरोवस्त्र घेत, ही चिंधी गुंडाळी. तिला पंगतीला कोणी बसवून घेत नसे. दिवसभर स्वयंपाकघरात राबायचे, उष्टे तुकडे वेचून खायचे आणि भांडी विसळलेले पाणी प्यायचे, हे तिचे जगणे. कोणी मारले, कोणी शिव्या दिल्या, तरी तिच्या तोंडून शब्द निघत नसे.

दूर डोंगरात पितेरूम नावाचा एक वृद्ध वैरागी राहत होता. तुझ्याहून मोठा जीव त्या मठात आहे, असे देवदूताने त्याला सांगितले. तो आला आणि मठातल्या सगळ्यांना समोर बोलावून घेतले. सगळ्या आल्या, ती आली नाही. एक राहिली आहे, असे तो धरूनच बसला, तेव्हा आत स्वयंपाकघरात एक वेडी आहे, असे कोणीतरी सांगितले. तिला ओढून आणावे लागले. तिला पाहताच म्हातारा तिच्या पायांवर पडला आणि तिचा आशीर्वाद मागू लागला. बायका गडबडल्या, बाबा, ती वेडी आहे, म्हणाल्या. वेड्या तुम्ही, ही तर तुमची माझी आई, असे त्याने त्यांना सुनावले. मग एकेकीची कबुली सुरू झाली. एकीने तिच्या अंगावर खरकटे पाणी ओतले होते, एकीने तिला बडवले होते, एकीने तिच्या नाकात मोहरी भरली होती. यानंतर मठात तिला जो मान मिळू लागला तो तिला सोसवेना. थोड्याच दिवसांत ती निघून गेली. कुठे गेली, कशी मेली, कोणाला कळले नाही. पॅलेडियस तिचे नावही देत नाही. इसिदोरा हे नाव तिला पुढच्या परंपरेने दिले.

पुढच्या पानांत अशी बरीच माणसे भेटतील. ती इजिप्त, पॅलेस्टाइन आणि सीरियातली आहेत, चौथ्या ते सातव्या शतकातली आहेत, ख्रिस्ती आहेत. मराठी वाचकाला ती परकी वाटतील असे मला वाटत नाही. मी हे जळकोटहून लिहितो आहे. इथून नळदुर्गला जावे आणि तिथून अक्कलकोटचा रस्ता धरावा, की ज्या गावात एका दिगंबर, लहरी, वेडा वाटणाऱ्या माणसाला लोकांनी आधी हसून घेतले आणि मग स्वामी म्हटले, ते गाव लागते. तेव्हा जळकोट निजामाच्या राज्यात होते आणि अक्कलकोट भोसल्यांच्या संस्थानात. हद्द होती, पण भक्तांना ती आड आली नाही. त्यामुळे वेडा आणि संत एकाच अंगरख्यात असू शकतात, हे इकडच्या घरांत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. समजावून सांगण्याची गरज आहे ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ही प्रस्तावना त्यासाठी आहे.

आधी थोडे मूळ पाहू. ख्रिस्ती धर्मात वेडाचा आरोप पहिल्याच पिढीपासून आहे. मार्कच्या शुभवर्तमानात येशूच्या घरचीच माणसे त्याचे भान सुटले आहे असे समजून त्याला धरून न्यायला येतात. पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात तर हा आरोप उचलून डोक्यावर घेतला: ख्रिस्तापायी आम्ही मूर्ख ठरलो आहोत, जगाचा केरकचरा ठरलो आहोत, असे तो अभिमानाने सांगतो. रोमन जगाला क्रूसावर मारला गेलेला देव हीच मुळात वेडगळ कल्पना वाटत होती, म्हणून पौलाच्या काळी या मूर्खपणासाठी वेगळे काही करावे लागत नव्हते. चौथ्या शतकात बादशहाच ख्रिस्ती झाला. देवळे उभी राहिली, बिशपांना मान मिळू लागला, दरबारात वजन आले. ज्यांना पौलाचा तो केरकचरा व्हायचे होते त्यांना आता तो मुद्दाम शोधावा लागला. काहींनी वाळवंट गाठले. आणि वाळवंटातही माणसे दर्शनाला येऊ लागली तेव्हा काहींनी वेड पांघरले.

वाळवंटातल्या वडीलधाऱ्यांच्या वचनसंग्रहात याची छोटी छोटी उदाहरणे विखुरलेली आहेत. एकदा प्रांताचा अधिकारी अब्बा मोझेसला पाहायला निघाला. हा मोझेस कृष्णवर्णी, आधीच्या आयुष्यात दरोडेखोर. अधिकारी येतो आहे हे कळताच तो दलदलीकडे निघाला आणि वाटेत अधिकाऱ्याचीच गाठ पडली. मोझेसची खोपटी कुठे, असे विचारल्यावर त्याने उत्तर दिले की कशाला जाता, तो माणूस खुळा आहे. अब्बा अम्मोनासकडे लोक निवाड्याला आले असताना एका बाईने हा म्हातारा वेडा आहे असे म्हटले, तेव्हा त्याने दिलेले उत्तर मला या साऱ्या संग्रहात फार मोलाचे वाटते. हे वेड मिळवायला मी वाळवंटात किती कष्ट काढले, आणि तुझ्यापायी आज ते गमावू होय, अशा अर्थाचे ते बोलणे आहे. अब्बा अँटनीच्या नावावरही एक भाकीत आहे: असा काळ येईल की सगळी माणसे वेडी होतील आणि जो वेडा नाही त्यालाच वेडा ठरवून त्याच्यावर तुटून पडतील.

या परंपरेतले सर्वांत मोठे आणि सर्वांत अवघड चरित्र एमेसाच्या सिमेऑनचे आहे. एमेसा म्हणजे आजचे सीरियातले होम्स. सिमेऑन सहाव्या शतकातला. त्याचे चरित्र सातव्या शतकाच्या मध्यावर सायप्रसमधल्या नेआपोलिसचा बिशप लिऑन्टियस याने लिहिले. सिमेऑन आणि त्याचा मित्र जॉन तरुणपणी घर सोडून यार्देन नदीजवळच्या मठात गेले, मग मृत समुद्राच्या आसपासच्या ओसाड मुलखात राहिले. लिऑन्टियसच्या मते तिथे सिमेऑनची २९ वर्षे गेली. इथवर चरित्र नेहमीच्या वाटेने चालते. मग सिमेऑन मित्राला सांगतो की इथे बसून आपण आपलेच भले करत राहू. मी शहरात जातो. आणि तो एमेसाच्या वेशीतून आत येतो तो उकिरड्यावरचे मेलेले कुत्रे कमरेच्या दोरीला बांधून फरफटत. शाळेतली पोरे आरडाओरडा करत मागे लागतात. रविवारी तो चर्चमध्ये दिवे विझवतो आणि बायकांवर आक्रोड फेकतो. एक दुकानदार त्याला उसळी विकायला बसवतो, तर हा माल लोकांना वाटतो आणि उरलेला स्वतः खातो. पवित्र गुरुवारी, जेव्हा साऱ्या गावाचा उपास, तो चारचौघांत बसून खातो. बायकांच्या स्नानगृहात शिरून मार खातो. चरित्रकाराला हे सगळे लिहिताना अवघडल्यासारखे होते. वाचणाऱ्याने हसू नये, हसणाऱ्याला अर्थ कळलेला नाही, असे तो मधून मधून बजावतो.

दिवसा हे चाले आणि रात्री तो प्रार्थनेत जागत असे. त्याचे खरे रूप एमेसातल्या जॉन नावाच्या एका डीकनलाच माहीत होते. भूकंप होण्याआधी सिमेऑन हातात चाबूक घेऊन गावातल्या खांबांना फटके मारत फिरला; ज्यांना फटके बसले तेवढे खांब उभे राहिले. मेला तेव्हा तो आपल्या झोपडीत काटक्यांखाली पडलेला सापडला. परक्यांना पुरतात तिथे त्याला नेऊन पुरले. नंतर डीकन जॉनने कबर उघडली तर देह नव्हता. तेव्हा कुठे एमेसा शहर शुद्धीवर आले आणि ज्याला त्याला आठवू लागले की सिमेऑनने आपले काय काय भले केले होते.

चमत्कारांच्या या दाटीत एक वाक्य सहज निसटून जाते, म्हणून त्यावर बोट ठेवतो. लिऑन्टियस सांगतो की भूतबाधा झालेल्या माणसांविषयी सिमेऑनला विलक्षण कळवळा होता. तो त्यांच्यात जाऊन राही, त्यांच्यासारखाच होई आणि त्यांतल्या कितीतरी जणांना बरे करी. ज्या काळात वेडाला बहुधा भूतबाधा म्हणत त्या काळातले हे वाक्य आहे. एमेसाच्या रस्त्यांवर, चर्चच्या ओट्यांवर खरी वेडी माणसे पडलेली होती. त्यांची नावे चरित्रात नाहीत. सोंग घेतलेला एक माणूस सोंग नसलेल्यांच्या शेजारी जाऊन बसला, आणि त्या बसण्याची नोंद राहिली.

माझे म्हणणे इथून सुरू होते. ख्रिस्ती चरित्रकारांना वेडा संत मान्य होता, पण एका अटीवर: वेड खोटे असले पाहिजे. आत बुद्धी शाबूत, बाहेर मुखवटा. पॅलेडियसने त्या मठातल्या स्त्रीविषयी आरंभीच सांगून टाकले की ती वेडाचे सोंग करत होती. मठातल्या कोणाशी तर ती कधी बोललीच नाही. मग हे त्याला कोणी सांगितले? चर्चलाही या सोंगांची धास्ती वाटू लागली होती. ६९२ साली कॉन्स्टँटिनोपलला भरलेल्या धर्मसभेने झपाटल्याचे सोंग आणणाऱ्यांना शिक्षा ठरवली. सोंग खरे की खोटे, सोंगाच्या आत संत की लुच्चा, याभोवती सारी चर्चा फिरत राहिली. ताबेन्नेसीच्या बायकांची कबुली पुन्हा वाचा. त्यांना पश्चात्ताप झाला तो एका संताच्या अंगावर खरकटे ओतले म्हणून. ती खरोखरच वेडी असती तर? म्हातारा पितेरूम आलाच नसता तर? तर नाकात मोहरी भरणे चालले असते का? गोष्ट याचे उत्तर देत नाही. वाचणाऱ्याने मात्र हा प्रश्न सोडू नये.

मराठीत हीच गाठ वेगळ्या तऱ्हेने सुटलेली आहे, आणि तीही फार जुन्या काळी. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे गुंडम राऊळ, म्हणजे महानुभावांचे गोविंदप्रभू, हे चक्रधरस्वामींचे गुरू. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा केल्या, पुढे वि. भि. कोलते यांनी ते चरित्र संपादून आपल्या हाती दिले आणि अ‍ॅन फेल्डहाउस यांनी १९८४ साली ते इंग्रजीत नेले. राऊळ कोणाच्याही घरात शिरतात, हाताला लागेल ते खातात, देवळातल्या देवांशी पोरासारखे खेळतात, स्वतःशीच बडबडतात, चिडतात, शिव्या घालतात, जात न पाहता वाटेल त्याच्या घरी जेवतात. गाव त्यांना वेडे म्हणते आणि तेच गाव त्यांना मायबाप म्हणते, आणि या दोन्हींमध्ये म्हाइंभटांना काही विसंगती वाटत नाही. राऊळ सोंग करत होते असे ते कुठे सिद्ध करायला जात नाहीत. वेड काढून टाकले की आत शहाणा परमेश्वर सापडेल, अशी ही मांडणीच नव्हे. चक्रधर गेल्यावर नागदेवाचार्य आणि इतर शिष्य रिद्धपूरला राहिले, आणि त्यांनी त्या लहरी, हट्टी, न आवरणाऱ्या माणसाला न्हाऊमाखू घातले, जेवू घातले, त्याच्या मागे मागे फिरले. या चरित्राचा मोठा भाग अशा सांभाळण्यानेच भरलेला आहे. लिऑन्टियसच्या ग्रंथापेक्षा मी ते वरचे मानतो ते या एका कारणाने.

अक्कलकोटलाही सांभाळणारा होताच. स्वामी समर्थ मंगळवेढा, सोलापूर करत १८५६ च्या सुमारास अक्कलकोटला आले आणि १८७८ साली तिथेच त्यांनी देह ठेवला. राजघराण्याची भक्ती, वटवृक्षाखालचा दरबार, मुंबईपुण्याचे भक्त हे सगळे मागून आले. आधी चोळप्पाचे घर होते. घरची परिस्थिती बेताची, आणि पाहुणा असा की आज काय मागेल, काय फेकून देईल याचा नेम नाही. घरच्यांनी ते सोसले. स्वामींवरच्या पोथ्या चमत्कार मोजतात. चोळप्पाच्या चुलीपाशी काय काय झाले असेल याचा विचार त्यांच्या वाचकांनी करावा असे मला फार वाटते.

त्याच १८७८ साली, २३ फेब्रुवारीला, शेगावला गजानन महाराज प्रथम दिसले. दासगणूंनी रंगवलेला तो प्रसंग घरोघर माहीत आहे: जेवणावळीनंतर बाहेर टाकलेल्या पत्रावळींवरची शिते वेचून खाणारा आणि गुरांच्या पाण्यावर तहान भागवणारा तरुण. ताबेन्नेसीच्या स्वयंपाकघरातली उष्टी आणि विसळपाणी आठवल्याशिवाय राहत नाही. एका गोष्टीचा दुसरीशी काही संबंध नाही. दोन मुलखांनी पावित्र्याची परीक्षा ठेवली ती मात्र एकाच जागी, जिथे अन्न आणि घाण यांची रेघ पुसली जाते.

सगळ्यांत कठीण परीक्षा नागपुरात झाली. ताजुद्दीन बाबा कामठीचे, जन्म १८६१ चा. फौजेत नोकरी केली, ती सोडली, कामठीच्या रस्त्यांवरून भान हरपून फिरू लागले. १८९२ साली त्यांना नागपूरच्या पागलखान्यात टाकले. तिथे ते १९०८ पर्यंत होते. लोक दर्शनासाठी पागलखान्याच्या दाराशी गर्दी करत. शेवटी राजे रघुजीराव भोसल्यांनी हमी घेऊन त्यांना बाहेर काढले आणि शकरदऱ्याला आपल्या वाड्यात आणून ठेवले. १९२५ साली ते वारले. त्यांच्या दर्ग्यात, ताजबागेत, आजही माणसांचा महापूर लोटतो. सोळा वर्षे एकाच आवारात सरकारचा वेडा आणि लोकांचा अवलिया एकाच देहात राहिला. दाराशी आलेले लोक त्यांना पाहून परत जात. त्याच आवारात इतर रोगी होते. त्यांच्यासाठी कोणता राजा हमी देणार होता?

याचा थोडा विचार मेहेरबाबांनी केलेला दिसतो. १९३६ साली त्यांनी राहुरीला वेड्यांसाठी आश्रम काढला. ईश्वराच्या नशेत भान हरपलेले मस्त वेगळे आणि मनाच्या आजाराने वेडे झालेले वेगळे, असा भेद ते करत; विल्यम डंकिन यांनी १९४८ साली मस्तांवर जो मोठा ग्रंथ काढला तो याच भेदावर उभा आहे. पण राहुरीला त्यांनी न्हाऊ घातले, जेवू घातले ते दोघांनाही.

आता पुन्हा इजिप्तकडे, कारण तिथल्या वैराग्यांवर अन्याय व्हायला नको. संतांची खोटी वेडे त्यांनी गौरवली, तशी आपल्यातली खरी वेडेही त्यांनी लपवली नाहीत. पॅलेडियसच्याच ग्रंथात व्हॅलेन्स आहे. कडक तप करणारा, आणि त्या तपाचाच ताठा चढलेला. एका रात्री त्याला मशालींच्या झगमगाटात ख्रिस्त दिसला. त्याने वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये येऊन तो म्हणाला की मला प्रभुभोजनाची गरज नाही, मी आज ख्रिस्ताला पाहिले. वडीलधाऱ्यांनी त्याला वर्षभर बेड्या घालून ठेवले, आणि तो बरा झाला. या वैराग्यांवर लिहिणारा जॉन कॅसियन हेरॉनची हकिगत सांगतो. पन्नास वर्षे वाळवंटात काढलेला, कधी कोणाबरोबर न जेवणारा म्हातारा. देवदूत सांगतो आहे असे समजून त्याने खोल विहिरीत उडी टाकली. आपल्या पुण्यामुळे आपल्याला काही होणार नाही अशी त्याची खात्री होती. अर्धमेला वर काढला, तिसऱ्या दिवशी गेला. आणि जेरोमने तर एका तरुण वैराग्याला लिहिलेल्या पत्रात स्पष्टच सांगून टाकले आहे की ओलसर खोल्या, अति उपास, एकटेपणा आणि अति वाचन यांनी काही जण उदासरोगी होतात, आणि अशांना आमच्या उपदेशापेक्षा हिपोक्रेटीसच्या औषधांची गरज असते. पाचव्या शतकाच्या आरंभी एका कट्टर धर्मपंडिताने हे लिहिले, ही लहान गोष्ट नव्हे.

खरे आणि खोटे दर्शन ओळखण्यासाठी त्यांनी जी कसोटी ठरवली तिला आपण विवेकच म्हणू. अमुक दिसले की नाही, अंग थरथरले की नाही, यावर त्यांचा फारसा भर नव्हता. तो माणूस दुसऱ्याचे ऐकतो का, दुसऱ्याबरोबर जेवतो का, आपल्याला कोणाची गरज उरली नाही असे म्हणतो का, एवढे ते पाहत. हेरॉन एकटा जेवत होता, याची नोंद कॅसियनने उगाच केलेली नाही. अशीच कसोटी पुढे इकडेही लागली. १९०५ साली केडगावच्या मुक्ती सदनात पंडिता रमाबाईंनी सांभाळलेल्या मुली प्रार्थनेत रडू लागल्या, थरथरू लागल्या, अंगात आग भरल्यासारखे झाले असे सांगू लागल्या. बाहेरच्यांना तो उन्माद वाटला. रमाबाईंनी ते बंद पाडले नाही. रमाबाईंसारख्या काटेकोर, व्यवहारी, व्याकरणात मुरलेल्या बाईने ते चालू दिले, ही गोष्ट मला निर्णायक वाटते. त्या मुलींना त्या रोज पाहत होत्या, त्यांच्याबरोबर राहत होत्या.

आमच्या तुळजापूर तालुक्यात अंगात येणे नवे नाही. आराधी, पोतराज, नवरात्रातली घुमणारी बाई, हे सगळे लहानपणापासून पाहिलेले. अंगात आलेले आणि डोस्क्यावर परिणाम झालेले यांतला फरक इकडची म्हातारी माणसे चटकन सांगतात: देवी येते आणि जाते, दुसरे जात नाही. जे जात नाही त्याचे काय करायचे, हे मात्र त्यांनाही सांगता येत नाही. मग बाहेरचे झाले म्हणून देवऋषी, दर्गा, गंडा, आणि शेवटी साखळी. तामिळनाडूतल्या एरवाडीला दर्ग्याच्या आसऱ्याने खासगी लोकांनी वेड्यांची आश्रयस्थाने चालवली होती. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे त्यांतल्या एकाला आग लागली. साखळदंडांनी बांधलेली माणसे पळू शकली नाहीत. २८ जण जळून मेले. व्हॅलेन्सच्या बेड्या वाचताना मला एरवाडी आठवते, आणि एक फरक ठळकपणे दिसतो. व्हॅलेन्सला बांधणारे त्याच्याबरोबर राहत होते, त्याच्याशी बोलत होते, वर्षाने त्यांनी बेड्या काढल्या. एरवाडीला पावित्र्य होते, पैसे होते आणि शेजारी कोणी नव्हते.

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या गावांत अशी माणसे अधूनमधून येऊन राहतात. बोली कळत नाही, गाव सांगता येत नाही, कपडे फाटलेले. कोणी चहा देतो, कोणी पाव देतो, पोरे खडे मारतात, एखादी बाई पोरांना हुसकावते. यांतला कोणी उद्या स्वामी निघेल या आशेने चहा दिला जात नाही. काही दिवसांनी माणूस दिसेनासा होतो. कुठे गेला, कोणी विचारत नाही. ताबेन्नेसीच्या त्या बाईबद्दलही शेवटी एवढेच उरले आहे, आणि ती तर संत होती.

ग्रंथातल्या क्रमाबद्दल थोडे. सिमेऑनचे चरित्र प्रसिद्ध असल्यामुळे वाचक आधी तेच उघडतील. रशियातल्या वेड्या संतांची सारी परंपरा, मॉस्कोच्या लाल चौकातल्या देवळाला ज्याचे नाव पडले तो वासिली धरून, याच वाटेने पुढे गेली, त्यामुळे त्याचे आकर्षण समजण्यासारखे आहे. तरी माझी विनंती अशी की आधी व्हॅलेन्स, हेरॉन आणि जेरोमचे ते पत्र वाचावे, मग ताबेन्नेसी, आणि सिमेऑन सर्वांत शेवटी. त्याच्या चरित्रात मेलेले कुत्रे आणि आक्रोड यांपाशी न थांबता झपाटलेल्यांच्या शेजारी तो जाऊन बसला त्या मजकुरापर्यंत जावे. घरात गोविंदप्रभूंचे चरित्र असेल तर ते जोडीला उघडे ठेवावे.

जळकोट, ता. तुळजापूर